खेळण्यांची बुट्टी आणि देण्याचा धडा

शास्त्रभाग : २ शमुवेल १२:१-६ आणि २४:१८-२५

नाताळ जवळ आला की घर साफ करण्याची आपली जुनी रीत आहे. भिंतींना रंग लागतो, पडदे धुतले जातात, माळ्यावरची भांडी खाली येतात. पण मुलांच्या खेळण्यांचा ढीग बहुतेक घरांत तसाच राहतो, किंवा मुले शाळेत गेली असता एखाद्या दुपारी घाईघाईने पोत्यात भरला जातो. या लहानशा कामातही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. आम्ही ते चुकून शिकलो. ती चूक सांगूनच या पाठाला आरंभ करतो.

१. आमच्या घरी काय घडले

आम्ही बेळगावात राहतो. तीन वर्षांपूर्वी नाताळच्या सुमारास आमच्या मंडळीने ऊसतोड मजुरांच्या मुलांना खेळणी वाटण्याचे ठरवले. आमच्या घरी तेव्हा चार खोकी आणि एक ट्रंक भरून खेळणी होती. दोन्ही मुले शाळेत गेलेली पाहून आम्ही उभयतांनी एक पोते भरले. घर मोकळे झाले, आणि दानही घडले, असे आम्हांला वाटले.

ठरल्या दिवशी आम्ही मुलांना घेऊन कोप्यांवर गेलो. पोते उघडले तेव्हा चाके नसलेली मोटार निघाली, निम्मे तुकडे हरवलेले चित्रकोडे निघाले. एक माउली मोटार हातात धरून म्हणाली, "दादा, ह्याला चाक न्हाई." ती तक्रार करीत नव्हती, फक्त सांगत होती. आम्हांला मान वर करवेना.

त्यानंतर पोत्यातून चिंध्यांची बाहुली निघाली. ती आजीने आपल्या जुन्या लुगड्याची शिवलेली होती. आमची सहा वर्षांची धाकटी तिच्याशी खेळेनाशी झाली होती, असा आमचा समज. एका लहान मुलीने बाहुली उचलली आणि छातीशी धरली. आमची मुलगी तेथेच उभी होती. ती रडली नाही, काही बोललीही नाही. घरी परतताना मात्र म्हणाली, "बाबा, ती तुम्ही दिलीत. मी नाही दिली."

पुढील आठवड्यात अंथरुणे काढताना तिच्या गादीखाली आम्हांला तीन खेळणी सापडली. दोन दप्तरात होती. अडगळ कमी करायला निघालेल्या आम्ही मुलीला साठवायला आणि लपवायला शिकवले होते.

२. कोकरू कोणाचे?

नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला सांगितलेला दाखला आपणां सर्वांस ठाऊक आहे. श्रीमंताच्या घरी पाहुणा आला. त्याच्यापाशी मेंढरांचे कळप होते, तरी त्याने गरिबाचे एकुलते एक कोकरू घेऊन पाहुण्याचे जेवण केले. हा दाखला आपण दावीदाच्या पापाच्या संदर्भात वाचतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्यातील एका गोष्टीकडे आपले सहसा लक्ष जात नाही. श्रीमंताने पाहुणचार केला, ही गोष्ट खरी होती. पाहुणा उपाशी गेला नाही. पण कोकरू दुसऱ्याचे होते.

आमचे तसेच झाले. आमच्या कपाटात पुस्तके होती, भांडी होती, वर्षानुवर्षे न घातलेले कपडे होते. त्यांतले आम्ही काही दिले नाही. घरात ज्याचा शब्द सर्वांत कमी चालतो, त्याची वस्तू आम्ही दिली. कोणी म्हणेल, खेळणी आईबापांच्याच पैशांची असतात. खरे आहे. पण एकदा मुलाच्या हातात दिलेली वस्तू त्याची झाली. दिलेले परत घेऊन दुसऱ्यास देणे याला दान म्हणता येत नाही.

त्या रात्री कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी आम्ही मुलीजवळ क्षमा मागितली. बाहुली परत आणण्याचा विचार मनात आला होता, पण तिच्या आईने विचारले, "एकीला रडवलं, आता दुसरीला रडवायचं का?" बाहुली जिथे होती तिथेच राहिली. मात्र मुलीला आम्ही शब्द दिला की, यापुढे तिला विचारल्याशिवाय तिची एकही वस्तू घराबाहेर जाणार नाही.

३. खेळणी थोडी का असावीत

मग ढीग तसाच ठेवावा काय? नाही. खेळणी फार झाली म्हणजे खेळ कमी होतो, हे आईबापांच्या रोजच्या अनुभवाचे आहे. अमेरिकेतील टोलिडो विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली याविषयी एक अभ्यास प्रसिद्ध केला. दीड ते अडीच वर्षे वयाच्या ३६ मुलांना एकदा ४ खेळणी आणि एकदा १६ खेळणी देऊन त्यांचा खेळ पाहण्यात आला. थोडी खेळणी असताना मुले एकेका खेळण्याशी अधिक वेळ रमली आणि त्याच्याशी अधिक तऱ्हांनी खेळली.

बालशिक्षणाच्या जाणत्यांना ही दृष्टी पूर्वीच होती. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम शहरात पहिले बालगृह उघडले. त्यांच्या पद्धतीत साहित्य मुलाच्या हाताला येईल अशा ठेंगण्या फळ्यांवर मांडतात. प्रत्येक वस्तू बहुधा एकच असते, आणि ती वापरून झाल्यावर मूल स्वतः जागेवर ठेवते. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी आधी बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. तेथे खडे, शिंपले, बिया, पाने अशा भोवतालच्या वस्तूंचेच खेळसाहित्य होई. खेळाची गोडी खेळण्यांच्या संख्येवर अवलंबून नसते, हे त्यांच्या कामाने दाखवून दिले.

४. आवरण्याची रीत

पुढील रीत आम्ही हळूहळू बसवली. ती कोणत्याही घरात चालेल.

पहिली गोष्ट, मुले घरी असताना आणि त्यांचे पोट भरलेले असताना काम काढावे. एका बैठकीला अर्धा तास पुरे. सगळा ढीग एकदम उपसू नये. आज मोटारी, पुढच्या शनिवारी भातुकली, असे एकेक प्रकार घ्यावेत.

दुसरी गोष्ट, खेळण्यांचे पाच वाटे करावेत : रोज खेळायची, काही दिवस बाजूला ठेवायची, दुरुस्त करायची, द्यायची आणि टाकायची. कोणते खेळणे कोणत्या वाट्यात घालायचे हे मुलाने सांगावे. तीन वर्षांच्या आतल्या बाळासाठी आईबापांना ठरवावे लागते. चार-पाच वर्षांच्या मुलापुढे दोन वस्तू ठेवून "यातली कोणती ठेवूया?" असे विचारावे. सातआठ वर्षांचे मूल स्वतः ठरवू शकते. मुलाचा निर्णय झाला नाही तर वस्तू बाजूला ठेवावी आणि महिन्याने पुन्हा विचारावे.

तिसरी गोष्ट, प्रत्येक मुलाला एक झाकणाचा डबा द्यावा. त्यात ठेवलेल्या वस्तूविषयी कोणी प्रश्न विचारायचा नाही आणि झाकण कोणी उघडायचे नाही. हा डबा मिळाल्यावर आमच्या मुलीच्या गादीखालची खेळणी आपोआप बाहेर आली. आपली प्रिय वस्तू सुरक्षित आहे, याची खात्री पटल्यावाचून मुलाची मूठ सुटत नाही.

चौथी गोष्ट, मांडणी. आम्ही बुरडाकडून सहा लहान बुट्ट्या आणल्या आणि भिंतीला पक्की केलेली एक ठेंगणी फळी त्यांना दिली. जड वस्तू खाली ठेवल्या. ज्या मुलाला वाचता येत नाही त्याच्यासाठी प्रत्येक बुट्टीवर आतल्या वस्तूचे चित्र चिकटवले. चित्रकोड्याच्या प्रत्येक तुकड्यामागे त्या कोड्याचा क्रमांक लिहिला. पहिल्या कोड्याच्या सर्व तुकड्यांवर १, दुसऱ्याच्या सर्व तुकड्यांवर २. मग तुकडे मिसळले तरी निवडता येतात. एक बुट्टी आत गेल्यावाचून दुसरी बाहेर काढायची नाही, एवढा एकच नियम केला. संध्याकाळच्या प्रार्थनेपूर्वी पाच मिनिटे सर्वांनी मिळून आवरायचे. सर्वांनी म्हणजे बाबांनीही.

पाचवी गोष्ट, बाजूला ठेवलेल्या खेळण्यांची एक पेटी माळ्यावर ठेवावी आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी अदलाबदल करावी. महिनाभर न दिसलेली मोटार खाली आली की मुलाला ती नवी वाटते, आणि खिशातून एक पैसा जात नाही.

५. काय द्यावे, काय देऊ नये

देण्याच्या वाट्यातील प्रत्येक वस्तू उजेडात धरून पाहावी. आपल्या मुलाला वाढदिवशी ती दिली असती काय, असा प्रश्न स्वतःस विचारावा. उत्तर 'नाही' आले तर ती देऊ नये. गरिबाचे घर ही आपली कचऱ्याची बुट्टी नव्हे.

प्लास्टिकची खेळणी साबणाच्या पाण्याने धुवावीत. लाकडी खेळणी पाण्यात बुडवू नयेत, ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावीत. कापडी बाहुल्या धुऊन चांगल्या उन्हात सुकवाव्यात. कोड्याचे तुकडे मोजावेत. मोटारीची चाके फिरवून पाहावीत.

काही वस्तू लहान मुलांच्या घरी पाठवूच नयेत. गोट्या, मणी, सुटी लोहचुंबके आणि तुटक्या खेळण्यांचे बारीक भाग तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या घशात अडकू शकतात. बटणासारखी चपटी बॅटरी तर फार घातक आहे. ती गिळली गेली व अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांच्या आत आतील भाग भाजू शकतो. असे घडल्याचा संशय आला तरी मुलास ताबडतोब रुग्णालयात न्यावे. ज्या खेळण्याच्या बॅटरीच्या झाकणाला स्क्रू नाही, ते देऊ नये आणि घरातही ठेवू नये. रंगाचे पापुद्रे निघालेली जुनी खेळणीही टाळावीत. जुन्या रंगात शिसे असू शकते आणि मुले वस्तू तोंडात घालतात.

नवीन खेळणे घेताना आयएसआय चिन्ह पाहावे. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात ते बंधनकारक आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांना यातून सूट दिलेली आहे. म्हणून आंबोली घाट उतरून सावंतवाडीची लाकडी फळे आणली आणि त्यांवर हे चिन्ह दिसले नाही, तर एवढ्यावरून शंका घेऊ नये.

मोडलेली पण दुरुस्त होणारी खेळणी टाकण्याची घाई नको. मोटारीला बाटलीच्या बुचांची चाके बसतात. अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्वची नळी आणि घरातील टाकाऊ वस्तू यांपासून खेळणी करण्याचे काम आयुष्यभर केले. त्यांची पुस्तके मराठीतही आहेत आणि संडे स्कूलच्या शिक्षकांना ती फार उपयोगी पडतील. विजेवर किंवा बॅटरीवर चालणारे खेळणे कायमचे बंद पडले तर ते ई-कचऱ्यात द्यावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांत अशी खेळणीही येतात.

६. खळ्याची किंमत

आता दुसरा शास्त्रभाग पाहू. दावीदाला वेदी बांधण्यासाठी अरवना यबूसी याचे खळे हवे होते. अरवना खळे, बैल आणि लाकूड सर्व काही फुकट द्यायला तयार झाला. पण ज्याच्यासाठी आपल्याला काहीच मोजावे लागले नाही, ते देवाला अर्पण करायला दावीद तयार नव्हता. त्याने चांदीचे ५० शेकेल मोजून खळे व बैल विकत घेतले. एकाच पुस्तकात, अवघ्या बारा अध्यायांच्या अंतरावर, दुसऱ्याची वस्तू घेणारा राजा स्वतःची किंमत मोजणारा राजा झालेला आपल्याला दिसतो. आईबापांनीही हेच अंतर कापावयाचे आहे.

पुढच्या नाताळच्या आधी आम्ही मुलांना एवढेच सांगितले की, कोप्यांवर पुन्हा जायचे आहे, तुमच्या मनात असेल तर द्या, नसेल तरी चालेल. आमच्या कपाटांतूनही या वेळी कपडे व भांडी काढली. थोरल्याने काहीच दिले नाही. आम्ही त्याला बोल लावला नाही. धाकटीने दोन दिवस विचार केला आणि आपल्या भातुकलीतले सावंतवाडीचे लाकडी जाते, पोळपाट आणि लाटणे पुसून पिशवीत ठेवले. हे तर तिच्या रोजच्या खेळातले होते. "नक्की ना, बाळ?" असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "तिच्याकडे बाहुली आहे. तिला स्वयंपाक कुठं करता येतो?"

ती मुलगी त्या वर्षी तेथे नव्हती. तिची टोळी दुसऱ्या कारखान्याकडे गेली होती. आमच्या मुलीने बराच वेळ तिला शोधले. मग पिशवी दुसऱ्या एका मुलीच्या हातात दिली आणि जाते कसे फिरवायचे ते तिला दाखवत बसली. तिला घरी चलायला आम्हांला दोनदा हाक मारावी लागली.

संडे स्कूल शिक्षकांसाठी

(१) वर्गात मुलांना विचारा : "तुमची वस्तू तुम्हांला न विचारता कोणी दिली आहे काय? तेव्हा कसे वाटले?" उत्तरे शांतपणे ऐका, आईबापांची बाजू घेऊ नका.

(२) नाथानाच्या दाखल्यातील पाहुण्याने काय खाल्ले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे मुलांकडून काढून घ्या.

(३) नाताळसाठी खेळणी गोळा करावयाची असल्यास पालकांना चिठ्ठी पाठवा : खेळणे मुलाने स्वतः निवडलेले, धुतलेले आणि पूर्ण असावे. एक आले तरी पुरे.

(४) ज्या मुलाने काही आणले नाही त्याचे नाव वर्गात घेऊ नका. त्याची वेळ अजून यायची असेल.