पळालेलं मन परत आणताना

चि. सई हिस,


तुझं पत्र मिळालं. परीक्षा तोंडावर आली आहे, अभ्यासिकेत पुस्तक उघडलं की मन भलतीकडे जातं आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकली की राहून गेलेले विषय आठवतात, असं लिहिलं आहेस. मोबाइलवर ध्यानाचं ध्वनिमुद्रण लावून पाहिलंस. पाच मिनिटांत मन आणखीच सैरभैर झालं आणि ‘ध्यान हे माझं काम नाही’ असा निकाल देऊन तू मोकळी झालीस. हा निकाल मला मान्य नाही.

त्या पाच मिनिटांत मन जास्त पळालं नाही, ते किती पळतं हे तुला दिसलं. एरवीही ते पळतच असतं, आपलं तिकडे लक्ष नसतं. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन हेच गाऱ्हाणं मांडतो. श्रीकृष्ण त्याला दटावत नाही. मन चंचल आहे, आवरायला कठीण आहे, हे आधी कबूल करतो आणि मग अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय सांगतो. पतंजलींच्या योगसूत्रांतही हेच दोन आहेत. तुझ्यापुरता त्यांचा अर्थ असा घे: रोज बसायचं, हा अभ्यास, आणि आजचं बसणं चांगलं झालं की वाईट, याचा हिशेब ठेवायचा नाही, हे वैराग्य.

आता बसायचं कसं, ते सांगते. सकाळी तोंड धुतल्यावर, मोबाइल हातात घेण्याआधी बस. चादरीची जाड घडी घालून तिच्यावर मांडी घाल. पाठ ताठ हवी, पण ताठरलेली नको. दुखत असेल तर भिंतीला टेक. डोळे मीट. कपाळ, जबडा, खांदे एकेक करून सैल सोड. तीन श्वास सावकाश सोड, घेतलेल्यापेक्षा सोडलेला लांब. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, त्यामुळे शरीर आधी निवतं. त्यानंतर मात्र श्वासाला हात लावू नकोस. तो जसा येईल तसा येऊ दे. नाकपुड्यांच्या आत आणि वरच्या ओठावर त्याचा स्पर्श कुठे होतो, तेवढं पाहा. आत येताना थोडा गार लागतो, बाहेर जाताना कोमट.

दोन-चार श्वासांतच मन परीक्षेच्या निकालावर जाऊन बसेल, किंवा आईच्या बोलण्यावर. ते गेलं आहे हे ज्या क्षणी कळेल, तोच ध्यानाचा क्षण आहे. स्वतःवर चिडू नकोस, त्या विचाराशी वाद घालू नकोस. वासरू दावं ओढून लांब गेलं तर त्याला मारत नाहीत, दावं धरून खुंट्याशी आणतात. तसं मनाला श्वासाशी आण. वीसदा गेलं तर वीसदा आण. न पळणारं मन कुणालाच मिळालेलं नाही. परत आणण्याची सवय मात्र लावता येते, आणि पुस्तकासमोर तुला तीच उपयोगी पडणार आहे.

श्वास हाती लागतच नसेल तर मोज. पाचव्या शतकात बुद्धघोषांनी लिहिलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथात ही युक्ती आहे: पाचाच्या आत थांबायचं नाही आणि दहाच्या पुढे जायचं नाही. पण मन स्थिरावलं की मोजणं सोडून द्यायला तोच ग्रंथ सांगतो. मोबाइलवरच्या आवाजाचंही तसंच समज. सुरुवातीला खुशाल ऐक, मात्र त्याच्याविना बसता येईल असा दिवस आणायचा आहे हे लक्षात असू दे.

आपल्या इगतपुरीच्या धम्मगिरीवर 1976 पासून विपश्यनेची शिबिरं होतात. सत्यनारायण गोयंकांनी ही साधना ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे घेतली आणि 1969 मध्ये ते ती भारतात शिकवू लागले. तिथल्या दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस साधक फक्त श्वास पाहतात, तेही मौन पाळून, रोज सुमारे दहा तास. त्यांच्या पद्धतीत मोजणं नाही, जप नाही, नुसता नैसर्गिक श्वास. एवढ्या शांत जागी, एवढ्या शिस्तीत तीन दिवस द्यावे लागतात. आणि तू रस्त्यावरच्या खोलीत पाच मिनिटांत स्वतःला नापास केलंस! शिबिराला आत्ता जाऊ नकोस, परीक्षा झाल्यावर मनात आलं तर जा. सध्या रोजची दहा मिनिटं पुरेत.

आणखी एक गोष्ट, ही मनावर घे. झोप आठवडेच्या आठवडे लागेनाशी झाली, जेवण जाईना, जगणं नकोसं वाटू लागलं, तर ध्यानावर विसंबून राहू नकोस. डॉक्टरांकडे जा, मला फोन कर. सरकारच्या ‘टेलि-मानस’ या सेवेचा 14416 हा क्रमांकही जवळ ठेव. डोळे मिटल्यावर छातीत धडधडून भीती वाटली तर लगेच डोळे उघड, ऊठ, चार पावलं चाल. त्यात काही चुकलं असं समजू नकोस.

उद्यापासून बस. कसं झालं ते लिहू नकोस. रोज बसते आहेस, एवढंच कळवत जा.

तुझी,
सुमनमावशी