गॅस कुठं जात नसतो

भूमचा खवा हैदराबादला न्यायचा म्हणजे रात्रीचाच प्रवास. धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, मग जहीराबाद. पहाटे मिठाईवाल्याच्या दारात पेटी उघडली की थंड वाफ अंगावर यायला हवी. एका मे महिन्यात आमच्या एमएच २५ गाडीतून वाफेऐवजी आंबूस वास आला. सगळा माल परत. गाडी मी जुनी घेतलेली, आणि तिच्या टपावरचं कूलिंगचं मशीन तिच्याहूनही म्हातारं, कुठल्या तरी मोडीत निघालेल्या गाडीवरून काढून बसवलेलं. पुढची चार वर्षं त्या मशीनपायी जे शिकलो ते लिहून ठेवतो.

१. गॅस संपत नाही.

हे कळायला मला तीन उन्हाळे लागले. दर मार्चमध्ये एसीवाल्याकडे जायचं, तो गेज लावायचा, "गॅस कमी झालाय" म्हणायचा, भरून द्यायचा. डिझेल भरावं तसं मी पैसे देऊन परत यायचो. दिवाळीपर्यंत पुन्हा तेच. शेवटी सोलापूरचे एक म्हातारे मिस्त्री भेटले. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांनी माझ्या पावत्या बघितल्या आणि हसले. "मालक, ह्यो गॅस जळत न्हाय, संपत न्हाय. तोच तोच फिरतोय. कमी झाला म्हंजी कुठून तरी पळायलाय. कुठं जात नसतो त्यो आपला आपण."

मग त्यांनी टायरवर बसून समजावलं. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, तो तापतो. पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, बाहेरची हवा त्याची उष्णता काढून घेते आणि त्याचं पाणी होतं. ते बारीक तोंडाच्या व्हॉल्व्हमधून सुटलं की दाब एकदम उतरतो आणि पेटीतल्या कॉइलमध्ये ते उकळायला लागतं. आर-१३४ए हा गॅस उघड्या हवेत उणे २६ अंशांनाच उकळतो. उकळायला उष्णता लागते, ती तो पेटीतल्या हवेतून ओढतो. म्हणजे मशीन थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतं. गॅस नुसता हमाल.

गळती सापडायला मात्र दीड दिवस गेला. साबणाचा फेस प्रत्येक जोडाला लावला, कुठेही बुडबुडा नाही. चाचांची नजर फेसावर नव्हतीच, ते धूळ बघत होते. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही पाझरतं, त्यावर धूळ बसते आणि काळा तेलकट डाग पडतो. तसा डाग इंजिनाजवळच्या रबरी होजवर, क्लॅम्पच्या आड होता. होज हाताने हलवला तेव्हा कुठे फेस फुगला. गाडी उभी असली की भोक बंद, चालली की उघडं! तीन उन्हाळ्यांचे पैसे त्या भोकातून गेले.

२. ऑक्सिजनने प्रेशर मारू नका.

गळती तपासायला पाइपात नायट्रोजनचा दाब भरतात. आमच्याकडे त्याचं सिलिंडर शोधावं लागतं, ऑक्सिजनचं प्रत्येक वेल्डिंगवाल्याकडे असतं. मी ते आणायला निघालो तेव्हा चाचा पहिल्यांदा आणि शेवटचं ओरडले. दाबाखालचा ऑक्सिजन आणि आतलं तेल एकत्र आलं की स्फोट होतो. नायट्रोजन यायला संध्याकाळ झाली, आम्ही चहा पीत बसलो.

३. व्हॅक्यूमला घाई करू नये.

होज बदलला, गॅस भरला, गाडी निघाली. तासभर झकास थंडी, मग हळूहळू बंद. ढाब्यावर थांबून पुन्हा चालू केली की पुन्हा तासभर थंडी. मला वाटलं भूतबाधा. फोनवर ऐकूनच चाचांनी ओळखलं. "इंजिन चालू ठिवा, फॅनपासून हात लांब, अन् व्हॉल्व्हवर कोमट पाण्याचं फडकं ठिवा." ठेवलं, आणि दोन मिनिटांत थंडी परत आली. पाइपात पाण्याचा अंश राहिला होता. तो त्या बारीक तोंडाशी गोठायचा, वाट अडवायचा, मशीन थांबलं की वितळायचा. गॅस भरण्याआधी पाइपातली हवा आणि ओल ओढून घेणारा व्हॅक्यूम पंप मी अर्ध्या तासात बंद करायला लावला होता, कारण लग्नाची ऑर्डर होती. खोल व्हॅक्यूममध्ये पाणी साध्या हवेच्या तापमानालाच उकळून निघून जातं, पण त्याला वेळ द्यावा लागतो. शिवाय पाइप उघडला की ओल शोषणारा ड्रायर नवाच घालायचा. जुना धुऊन चालतो म्हणणाऱ्याकडे गाडी नेऊ नये.

४. आधीच्या मालकाने काय भरलंय ते विचारा.

मशीन मुळात आर-१२ चं. माँट्रियल करारानुसार आपल्यासारख्या देशांनाही तो गॅस २०१० पर्यंत सोडावा लागला. कोणीतरी मधे त्यात १३४ए भरला होता, तेल मात्र जुनंच ठेवून. हा गॅस त्या खनिज तेलात मिसळत नाही. तेल कॉइलमध्ये अडकून बसतं आणि कॉम्प्रेसर कोरडा फिरतो. आमचा येरमाळ्याजवळ जाम झाला. बेल्ट जळाल्याचा वास मला अजून ओळखता येतो.

५. दसऱ्याच्या आसपास जाळी बघा.

आमचा जिल्हा सोयाबीनचा. काढणी सुरू झाली की रस्त्याकडेला मळणी यंत्रं धडधडतात आणि भुसकट हवेत तरंगतं. दोन फेऱ्यांत कंडेन्सरला गोधडी पांघरल्यासारखं होतं. आतली उष्णता बाहेर पडायची कुठून? दाब चढतो, इंजिन ओढतं, थंडी कमी होते. मी सर्व्हिसिंग सेंटरच्या प्रेशरच्या पाण्याने धुवायला गेलो आणि निम्म्या पत्त्या वाकवून घेतल्या. आता मऊ ब्रश, आणि पाणी आतून बाहेर.

जाळी टपावर असूनही ही गत. ट्रकवर कूलिंगचं हे यंत्र आणणारा फ्रेडरिक जोन्स हा अमेरिकेतला कृष्णवर्णीय मिस्त्री. लहानपणीच पोरका झालेला, शाळा अर्धवट सुटलेली, सगळं हाताने शिकलेला. १९३०च्या दशकाच्या अखेरीस त्याने पहिलं यंत्र ट्रकच्या खाली बसवलं होतं. पुढे ते उचलून कॅबिनच्या वर, पेटीच्या कपाळावर गेलं. आमचे रस्ते बघितले असते तर खाली बसवायचा विचारही त्याच्या डोक्यात आला नसता.

६. आवाज करतं तेच बिघडलेलं असतं असं नाही.

एवढं सगळं करूनही श्रावणात पेटी आठ अंशांच्या खाली उतरेना. गेज बरोबर, जाळी स्वच्छ, कॉइलवर बर्फ नाही. मी पुन्हा मशीनच उघडायला निघालो, कारण चार वर्षं तेच उघडत आलो होतो. एका पहाटे बायको अंगणात गाडी पुसत होती. म्हणाली, "अहो, हितंच का ओलं व्हतंय सारखं?" दाराजवळ खालच्या पत्र्यावर हातभर जागेत दव साचलं होतं, बाकी पत्रा कोरडा. थंडी तिथून बाहेर येत होती. पत्र्याला ड्रिलने भोक पाडलं तर पाण्याची धार लागली, तांब्याभर तरी असेल. रोज पेटी धुतली जायची. पाणी रिव्हेटच्या फटींतून आतल्या पफमध्ये, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या फोममध्ये, मुरत गेलं होतं, आणि भिजलेला पफ उष्णता अडवत नाही. दोन पॅनेल आणि दाराचं रबर बदललं. चार वर्षांत मशीनवर घातले त्याच्या निम्म्याही पैशांत काम झालं. मशीन बिचारं फुटक्या रांजणात पाणी भरत होतं.

७. फट शोधायला आत एकट्याने बसू नये.

भर दुपारी पेटीत बसून दार लावलं की फटीतून उजेड दिसतो, युक्ती चांगली आहे. फक्त आमच्या दाराला आतून कडी उघडायची सोय नव्हती आणि पोरगा चहा आणायला गेला होता.

८. गरम माल.

खवा कढईतून उतरतो तेव्हा त्याला हात लावता येत नाही. पाच लिटर म्हशीचं दूध आटवून किलोभर हाती लागतो, भट्टीच्या धगीत सगळे घामाघूम, आणि गणपतीत तर डबा भरला की गाडीत. "गाडी थंडच हाय की तुमची," असं ऐकून मी कित्येक वर्षं भरत गेलो. पण गाडीवरचं मशीन थंड माल थंड ठेवण्यापुरतं असतं. मधोमध ठेवलेला गरम डबा स्वतः निवत नाही आणि शेजारच्या दहांना तापवतो. यावरून भांडणं झाली, एक गिऱ्हाईक तुटलं. मग मी सुईचा थर्मामीटर खिशात ठेवायला लागलो. आता भट्टीवर गेलो की मी खिशात हात घालायच्या आतच मालकीणबाई सांगतात, "ते खुपसू नका हो. कालचा फ्रीजमधला काढून ठिवलाय, त्योच भरा."