घराजवळ अस्वल : खुणा कशा ओळखाव्यात, खबरदारी कोणती घ्यावी?



गव्हाच्या पाण्याविषयी लिहिताना आम्ही कृषिविद्येची मंडळी पिकाची अवस्था सांगतो, जमिनीचा मगदूर सांगतो, पाण्याच्या पाळ्या सांगतो. मात्र ते पाणी देण्यासाठी रात्री वावरात एकटा उभा राहणाऱ्या माणसाविषयी फारसे लिहिले जात नाही. प्रस्तुत लेखात ही उणीव थोडी भरून काढण्याचा प्रयत्न केला आहे.

मी दापोडीस राहतो. आमच्याच इमारतीत बुलडाणा जिल्ह्यातील एक गृहस्थ राहतात. ते भोसरीच्या एका कारखान्यात नोकरीस आहेत. त्यांचे आईवडील, वहिनी आणि शाळेत जाणारे दोन पुतणे ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला, वावरातल्या घरात राहतात. भाऊ मालमोटारीवर चालक असल्याने महिन्यातील बरेच दिवस बाहेरच असतो. माघाच्या अखेरीस एका रात्री वडिलांचा फोन आला : घरामागच्या बोरीखाली काळे, केसाळ जनावर दिसले. मुलाने घाबरून सांगितले, "बाबा, सगळे दापोडीला निघून या." वडिलांचे उत्तर सरळ होते, "गहू दाण्यावर आला, त्याले पाणी कोण देईन?"

दुसऱ्या दिवशी इमारतीत ज्याने त्याने सल्ला दिला. कोणी म्हणाले, मोठे कुत्रे असेल. कोणी म्हणाले, घराभोवती तार ओढून वीज सोडा. शेवटी ते गृहस्थ माझ्याकडे आले. "सर, तुम्ही शेतीतले आहात, एकदा डोळ्यांनी बघा," असे म्हणाले. शनिवारी रात्री आम्ही निघालो. तेथे जे पाहिले आणि वनरक्षकांकडून जे समजले, ते वाचकांच्या उपयोगी पडेल असे वाटते.

आधी जनावर ओळखावे

अंधारात दिसलेले प्रत्येक काळे जनावर अस्वल नसते. रानडुक्कर, तरस आणि मोकाट कुत्रे यांच्यामुळे नेहमी फसगत होते. आणखी एक घोटाळा नावाचा आहे. 'चांदी अस्वल' या नावाचा प्राणी हा अस्वल नव्हेच. तो पाठीवर पांढुरका पट्टा असलेला, कुत्र्यापेक्षा बुटका, मुंगसासारख्या बांध्याचा प्राणी आहे. तो बिळे उकरतो आणि मधमाश्यांची मोहोळे फोडतो. त्यामुळे "चांदी अस्वल दिसले" ही बातमी गावभर फिरता फिरता "अस्वल दिसले" अशी होते.

दिवस उजाडल्यावर पुढील खुणा पाहाव्यात :

१. पाऊल : अस्वलाचे मागचे पाऊल माणसाच्या अनवाणी पावलासारखे दिसते. पाच बोटे जवळजवळ एका ओळीत असतात. पुढच्या पावलाचा ठसा रुंद असून नखांच्या खुणा बोटांपासून बऱ्याच पुढे उमटतात. बिबट्याच्या ठशात चार बोटे असतात व नखे उमटत नाहीत. कुत्रा व तरस यांच्या ठशात चार बोटे व नखे दिसतात. चांदी अस्वलाच्या ठशात पाच बोटे व लांब नखे असतात, परंतु ठसा लहान असतो.

२. उकरलेली जमीन : अस्वल वारूळ फोडून खोल, तोंडाशी निमुळता खड्डा करते. रानडुक्कर नाकाड घालून उथळ पण लांबरुंद जमीन उलथते. साळिंदर मुळे व कंद यांच्याजवळ उकरते आणि बऱ्याचदा एखादा काटा मागे सोडते.

३. विष्ठा : अस्वलाच्या विष्ठेच्या ढिगात बोराच्या बिया व वाळवीचे अवशेष दिसतात. बिबट्याच्या विष्ठेत केस व हाडांचे तुकडे असतात. तरसाची विष्ठा वाळल्यावर हाडांमुळे पांढरी पडते.

४. झाड : मोहोळाच्या किंवा फळाच्या झाडावर चढताना अस्वलाच्या नखांचे लांब ओरखडे खोडावर उमटतात.

५. आवाज : अस्वलाला वरच्या जबड्यातील पुढचे दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेते. त्या वेळी होणारा फुंकल्याचा व ओढल्याचा आवाज शांत रात्री शंभर मीटरवरही ऐकू येतो.

आम्ही गेलो तेव्हा पाटाच्या ओल्या कडेला पाच बोटांचे ठसे स्पष्ट होते. धुऱ्यावरील वारूळ फोडलेले होते. बोरीखालच्या विष्ठेत बियाच बिया होत्या. वनरक्षकांनी पाहताच अस्वल असल्याचे सांगितले. म्हातारबाबा म्हणाले, "सर, म्या सांगतलं होतं, कुत्र्याले येवढे केस कुठी असतात?"

अस्वल घराजवळ का येते?

अस्वल माणसासाठी येत नाही, ते खाण्यापाण्यासाठी येते. वाळवी, मुंग्या व मध हे त्याचे आवडते खाद्य. त्याखेरीज ऋतुमानाप्रमाणे बोर, मोहाची फुले, टेंभुर्णी, जांभूळ, उंबर व बहाव्याच्या शेंगा ते खाते. जंगलाच्या कडेला मका व भुईमूग असल्यास त्यातही शिरते. उन्हाळ्यात ओढे आटले की विहीर, हौद व ठिबकच्या टाकीकडे वळते. थंड प्रदेशातील अस्वलांप्रमाणे आपल्याकडील अस्वल हिवाळाभर झोपून राहत नाही. म्हणून बारा महिने सावध राहावे लागते.

मादी साधारणपणे हिवाळ्यात गुहेत किंवा बिळात एक ते दोन पिल्ले देते. पिल्ले थोडी मोठी झाली की ती त्यांना पाठीवर बसवून हिंडते. अशी मादी सर्वांत अधिक आक्रमक असते.

ज्ञानगंगा अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झाले. अजिंठ्याच्या डोंगररांगेतील सुमारे २०५ चौरस किलोमीटरचा हा टापू आहे. २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला तरुण वाघ सुमारे ३००० किलोमीटर चालून येथेच थांबला, तेव्हा हे नाव देशभर गाजले. परंतु येथील शेतकऱ्याचा नित्याचा संबंध येतो तो अस्वलाशी. मेळघाट, ताडोबा, नवेगाव-नागझिरा, गडचिरोली तसेच सह्याद्रीतील कोयना-चांदोली भागातही अस्वले आहेत. आमच्या दापोडी, चाकण, खेड परिसरात मात्र घराजवळ हिंडणारे जनावर अस्वलापेक्षा बिबट्या किंवा तरस असण्याचा संभव अधिक. तेथेही आधी ठसा पाहावा, मग बोलावे.

हल्ला का होतो?

अस्वलाची नजर कमजोर असते. वास त्याला चांगला येतो, परंतु वारूळ उकरण्यात गुंतले की माणसाची चाहूल लागत नाही. माणूस अगदी जवळ गेला की ते दचकते आणि पळण्याऐवजी अंगावर येते. त्याच्या नखांचा व दातांचा मारा बहुधा डोके व चेहरा यांवर होतो. लहानपणी दरवेश्याच्या दोरीला बांधलेले अस्वल पाहून ते सुस्त जनावर आहे अशी अनेकांची समजूत झालेली असते. ती चुकीची आहे. अस्वल माणसापेक्षा वेगाने धावते व झाडावरही चढते.

मध्यप्रदेशात १९८९ ते १९९४ या पाच वर्षांत ७३५ माणसे अस्वलांच्या हल्ल्यात सापडल्याची नोंद आहे. त्यांपैकी ४८ दगावली. म्हणजे बहुतेक माणसे वाचली, पण त्यांतील कित्येकांना जन्मभराचे व्यंग आले. बिलासपूर भागात १९९८ ते २००० या काळात झालेल्या अभ्यासात घरामागची परसबाग, शेत आणि लगतचे रान याच जागा प्रामुख्याने पुढे आल्या. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. जनावर दिसल्याने धोका होत नाही. ते न दिसता अचानक जवळ येण्यात खरा धोका आहे. म्हणून पुढील सर्व उपायांचा हेतू एकच आहे : आपण अस्वलाला व अस्वलाने आपल्याला दुरूनच ओळखावे.

घर व वावरातील खबरदारी

१. घर व कोठ्याभोवतीचे ५० पावलांपर्यंतचे गवत, घाणेरी व काटेरी झुडपे काढून जागा मोकळी ठेवावी.

२. घराजवळची बोर, उंबर ही झाडे तोडण्याची गरज नाही. पडलेली फळे रोज दिवसा वेचून न्यावीत. मोहफुले, मध व भुईमुगाच्या शेंगा उघड्यावर ठेवू नयेत.

३. घराला लागून असलेली वारुळे खणून सपाट करावीत. दूर जंगलाच्या कडेची वारुळे तशीच राहू द्यावीत. तेथे खाद्य मिळाले तर अस्वल घराकडे कमी येते.

४. खरकटे व कोंबड्यांचे अवशेष खड्ड्यात पुरावेत.

५. विहिरीला कठडा बांधावा. पाण्याच्या शोधात आलेली अस्वले उघड्या विहिरीत पडतात.

६. पहाटे व तिन्हीसांजेला एकट्याने शेताकडे जाऊ नये. घराजवळ शौचालय असावे व त्याच्या वाटेवर दिवा असावा.

७. रात्री जाणे अटळ असल्यास दोघांनी जावे. प्रखर विजेरी व लांब काठी बरोबर ठेवावी. मोठ्याने बोलत किंवा काठी आपटत चालावे. कानात गाण्याची यंत्रे घालू नयेत.

८. पाण्याच्या पाळ्या दिवसाच्या वीजपुरवठ्याच्या दिवसांत बसवाव्यात. वेळेवर पेरलेल्या गव्हाची शेवटची पाळी पेरणीनंतर ८० ते ८५ दिवसांनी, दाणे भरताना येते. मध्यम ते भारी काळ्या जमिनीत ती चार-पाच दिवस पुढेमागे झाली तरी उत्पादनात मोठी घट येत नाही. तेवढ्यासाठी रात्री जिवाची जोखीम घेऊ नये. सौर कृषिपंप मिळत असल्यास अवश्य घ्यावा.

हे करू नये

कुंपणात घरगुती किंवा शेतीपंपाच्या लाइनची वीज कदापि सोडू नये. त्यात अस्वलाआधी आपलीच माणसे व बैल सापडतात, आणि तो गुन्हाही आहे. कुंपण हवेच असेल तर अल्पकाळ झटका देणारे सौर कुंपण बसवावे. त्याच्या अनुदानाविषयी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारणा करावी. अस्वल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारणे, फास लावणे किंवा विष घालणे हा गंभीर गुन्हा ठरतो. जमावाने पाठलाग करू नये, दगड मारू नयेत व छायाचित्रासाठी जवळ जाऊ नये. घेरलेले अस्वल समोर येईल त्याच्यावर धावते. पिल्लू एकटे दिसले तरी उचलू नये, आई जवळच असते.

समोरासमोर आल्यास

अंतर असेल तर थांबावे, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरावे व त्याला जाण्यास वाट मोकळी ठेवावी. पाठ दाखवून पळू नये, झाडावर चढू नये. अंगावर आलेच तर काठी आडवी धरून ते दूर ठेवण्याचा प्रयत्न करावा. त्याने पाडल्यास पालथे पडून दोन्ही हात मानेमागे गुंफावेत, चेहरा जमिनीकडे ठेवावा आणि ते निघून जाईपर्यंत उठू नये.

इजा झाल्यास वाहते रक्त स्वच्छ कापडाने दाबून धरावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रक्तस्राव आटोक्यात असेल तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तंबाखू लावू नये. धनुर्वाताच्या लशीबरोबर रेबीजची लस व आवश्यक ती प्रतिबंधक इंजेक्शने डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत.

अस्वल दिसल्यास वनरक्षकांना किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. अस्वलाच्या हल्ल्यात माणूस जखमी किंवा मृत झाल्यास शासनाकडून अर्थसाहाय्य मिळते. मृत्यू झाल्यास ही रक्कम २५ लाख रुपये आहे. त्यासाठी घटनेची खबर विनाविलंब द्यावी, पंचनामा करून घ्यावा व दवाखान्याची कागदपत्रे जपून ठेवावीत.

त्या घरी काय झाले?

म्हातारबाबांनी दापोडीस येण्यास नकार दिला, आणि मुलानेही फार ताणले नाही. दोघांनी काही गोष्टी मात्र मान्य केल्या. गव्हाची राहिलेली एक पाळी तीन दिवस पुढे ढकलून दिवसा दिली. त्यासाठी मुलगा दोन दिवसांची रजा काढून थांबला. घरामागची घाणेरी त्याने स्वतः काढली. बोरे वेचण्याचे काम नातवंडांनी शाळेतून आल्यावर, उन्हात व आजीच्या देखत करायचे ठरले. वीज सोडण्याचा विचार बाबांनीच मोडून काढला. ते म्हणाले, "माह्या नातवाचा पाय पडला त मंग?"

त्यानंतरही पाटाच्या कडेला दोनदा ठसे दिसले. अस्वल येते, बोरीखाली काही नाही असे पाहते व जाते. घरातील माणसे त्या वेळी घरातच असतात.

शेतकरी बंधूंनो, जंगलाच्या कडेला शेती म्हणजे शेजार आलाच. हा शेजारी आपल्या सोयीने वागणार नाही. तेव्हा आपल्या कामाच्या वेळा, घराभोवतीची स्वच्छता व चालण्याची रीत यांत बदल करणे आपल्या हाती आहे. एखाद्या पाळीला उशीर झाला तर क्विंटलभर गहू कमी होईल, तो पुढच्या हंगामात भरून काढता येतो. माणूस गेला तर तो कोणत्याही हंगामात भरून निघत नाही. रात्री मोटार सुरू करण्यास निघण्यापूर्वी एवढे जरूर आठवावे.