निवांत भोजनाचा बंदोबस्त

जुन्या कचेरीतील चार स्नेही सपत्नीक एका रविवारी दुपारी आमच्या घरी निवांत जेवावयास यावेत, ही कल्पना माझी. पदार्थांची यादी मुक्रर केली तीही मीच. आणि ती पार पाडण्याचे सगळे श्रम मात्र, आमच्या पिढीतील पुरुषांच्या परंपरेस अनुसरून, सौभाग्यवतींच्या वाट्यास गेले. अळूवडी, मसालेभात, भरली वांगी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, पंचामृत, मठ्ठा, श्रीखंड आणि कढईतून थेट पानात पडणाऱ्या पुऱ्या असा तो सरंजाम होता. एवढे सारे दोन शेगड्यांवरून दहा पानांपर्यंत पोहोचवावयाचे आहे, हा हिशेब, उभी हयात जमाखर्चाच्या वह्या तपासण्यात घालवूनही, मला सुचला नाही.

पहिली फजिती श्रीखंडाची झाली. सकाळी सातला टांगलेले दही एक वाजेपर्यंत निथळेल, असा निर्वाळा मी दिला होता. परंतु अर्धवट निथळलेल्या चक्क्यात साखर पडताच त्यास असे पाणी सुटले की, ते वाटीने प्यावे की चमच्याने खावे याचा निर्णय पाहुण्यांवर सोपवावा लागला. श्रीखंड करावयाचे असल्यास दही आदल्या रात्रीच बांधावे, उन्हाळा असल्यास ते चाळणीवर ठेवून फ्रिजमध्ये निथळू द्यावे, म्हणजे आंबत नाही. आणि एक किलो दह्याचा जेमतेम चारशे ग्रॅम चक्का हाती येतो, हे ध्यानात ठेवून खरेदी करावी. अळूवडीत चिंचेचा कोळ कमी पडला होता. अळूच्या पानांतील खाज आंबटपणावाचून दबत नाही, याचा प्रत्यय चौघांच्या खाकरण्यातून आला, तो मी येथे विस्ताराने सांगत नाही.

खरा प्रसंग ओढवला तो पाऊण वाजता. पाने मांडलेली, पाहुणे स्थानापन्न झालेले, पुऱ्यांचा पहिला घाणा कढईत, आणि गॅस संपला. दुसरे सिलिंडर रिकामेच होते. रविवार असल्याने एजन्सीला कुलूप. शेवटी पीठ, पोळपाट, कढई आणि सौभाग्यवती अशी सर्व कुमक शेजारच्या घरी रवाना झाली, आणि तेथून गॅलरीतून पुऱ्यांच्या चाळण्या आणण्याची चाकरी मी पत्करली. पंगत उठली, विडे झाले, चारच्या सुमारास मंडळी निघाली, तेव्हा एका स्नेह्याच्या पत्नी उंबऱ्याशी थबकून म्हणाल्या, "जेवण छान झालं हो, पण वहिनी काही भेटल्याच नाहीत." त्यांच्या त्या साध्या उद्गाराने मला जेवढे ओशाळे केले, तेवढे पातळ श्रीखंडानेही केले नव्हते.

तेव्हापासून आमच्या घरी एक नियम आहे: जो पदार्थ करताना घरच्या माणसाला पंगतीबाहेर राहावे लागते, तो रविवारी करावयाचा नाही. म्हणून पुऱ्या गेल्या आणि घडीच्या पोळ्या आल्या. त्या अकरालाच करून, स्वच्छ फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवल्या, तर दीड वाजेपर्यंत मऊ राहतात. अळूचे उंडे शनिवारी उकडून ठेवावेत आणि रविवारी कापून तव्यावर थोड्या तेलात परतावेत. काकडी आधी चोचवली तरी चालते, मीठ मात्र पाने घेताना घालावे, नाहीतर कोशिंबिरीत तळे साचते. भाजी एकच पुरे. पाहुण्यांनी "काय आणू?" असे विचारल्यास औपचारिक नकार न देता फळे आणावयास सांगावीत, त्यांनाही बरे वाटते. मसालेभात मात्र सोडू नये, कारण तो चढवून झाकण ठेवले की, मंद आचेवर तो आपला कारभार आपणच पाहतो, आणि तेवढ्या अवधीत यजमानीणबाईंना लुगडे बदलून बाहेर येऊन बसता येते.

वाढण्याचे काम आता माझ्याकडे आहे, आणि डाव्या बाजूस मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर हा क्रम मी अद्याप चुकतो, त्यावर पंगतीत हशा होतो. सिलिंडरची तपासणी मात्र चुकत नाही. शनिवारी रात्री ओले फडके त्यावरून फिरवावे. आत द्रवरूप गॅस जेथवर असतो, तेथवरचा पत्रा उशिरा वाळतो.