देर्सू उझाला

येवला तालुक्यातील ममदापूरच्या माळावर काळविटे हिंडतात. मातीत उमटलेला खूर नीट न्याहाळला, तर कळप कोणीकडे गेला हे जाणत्यास कळते. रशियाच्या उसुरी अरण्यातील देर्सू उझाला हा शिकारी अशाच विद्येत निष्णात होता. नकाशे करण्यासाठी आलेल्या कप्तान आर्सेन्येवचा तो वाटाड्या झाला, आणि पुढे जिवलग मित्र. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा ह्यांनी १९७५ साली ह्या मैत्रीवर चित्रपट काढला.

एका ओसाड झोपडीत मुक्काम झाला. देर्सूने तिचे छप्पर नीट केले आणि कप्तानाकडून थोडे तांदूळ, मीठ व काड्या मागून तेथे ठेवल्या. तो स्वतः तिकडे पुन्हा फिरकणार नव्हता. पण कोणी अनोळखी वाटसरू उपाशी आला तर? गोठलेल्या सरोवरावर वादळाने गाठले, तेव्हा गवताचा निवारा रचून कप्तानाचे प्राण त्यानेच वाचविले.

पुढे देर्सूची दृष्टी मंदावली. कप्तानाने त्यास मोठ्या प्रेमाने शहरातील आपल्या घरी नेले. परंतु पाण्यालाही पैसे मोजावयाचे, हे त्या रानच्या माणसास कसे रुचावे? तो अरण्याकडे परत निघाला. कप्तानाने निरोपाची भेट म्हणून नवी बंदूक दिली. त्या बंदुकीच्या लोभानेच कोणीतरी त्याचा घात केला असावा! मित्राच्या थडग्याशेजारी कप्तानाने त्याची काठी रोवली.