पोथीची रीत फोनवर

प्रश्न : दुष्काळात गावातली पोरं पुण्या-मुंबईला पांगतात. फोनवर वाचनगट काढला तर माणसं खरंच जवळ येतील का?
– एक वाचक, सोनारी (ता. परंडा, जि. धाराशिव)

उत्तर : येतील, मात्र गट पुस्तकांची नावं सुचवण्यापुरता राहिला तर नाही. मार्च 2020 मध्ये लेखिका यीयुन ली आणि 'अ पब्लिक स्पेस' या अमेरिकी नियतकालिकाने टॉलस्टॉयच्या 'युद्ध आणि शांती'चं ऑनलाइन सामूहिक वाचन सुरू केलं. रोज 12-15 पानं, बस्स. जगभरातले अनोळखी वाचक त्यात रमले ते या ठरलेल्या मापामुळे, असं माझं मत आहे. सगळ्यांनी तीच पानं वाचलेली असली की बोलायला विषय शोधावा लागत नाही. आपल्याकडे श्रावणात पोथी लागते तेव्हा हेच घडतं. एक वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, आणि रोजचं माणूस दिसलं नाही तर लगेच चौकशी होते. अडचणीच्या काळात खरा आधार या चौकशीचा असतो.

समोरासमोर बसण्याची सर फोनला येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण चाकणला रात्रपाळी करणाऱ्या मुलाला देवळात येऊन बसणं शक्यच नसतं. फोन नसेल तर त्याच्या वाट्याला एकटेपणच उरतं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी एकाने मोठ्याने वाचून छोटे व्हॉइस मेसेज टाकावेत. रेंज कमी असली तरी ते उतरतात. फॉरवर्डना पहिल्या दिवसापासून मज्जाव करा. सुरुवात कळंब तालुक्यातल्या हासेगावच्या भास्कर चंदनशिवांच्या 'लाल चिखल' या कथेने करा. टोमॅटोचे भाव पडलेला तो बाजार ऐकून घरातली गप्प माणसंही बोलू लागतील.