अंड्याचे मोल

खेड्यातील कित्येक घरांच्या परसात एखादे लहानसे खुराडे असते. पहाटे त्याचे दार उघडावे, कोंबड्यांना मोकळे सोडावे, चार दाणे टाकावेत आणि सांजावताच त्यांना पुन्हा कोंडावे, एवढाच काय तो मालकाचा त्यांच्याशी संबंध. अंडे मिळाले तर नशीब. न मिळाले तर दोष कोंबडीचा! परंतु अंडे नशिबाने मिळत नसते. ते घडावे लागते. ते कसे घडते हे ज्याला समजले, त्यालाच कोंबडीची निगा नीट राखता येते.

एक अंडे तयार होण्यास कोंबडीला 24 ते 26 तास लागतात. प्रथम बलक सुटतो, त्याभोवती पांढऱ्याचे थर चढतात, मग पातळ पडदे येतात आणि शेवटी कवच घडू लागते. एकट्या कवचालाच सुमारे 20 तास लागतात. हे कवच जवळजवळ संपूर्णपणे चुनखडीचे असते. त्यात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असते. कवचाचे बरेचसे काम रात्री चालते आणि रात्री तर कोंबडी काहीच खात नाही. मग हे कॅल्शियम येते कोठून? काही पोटातील अन्नातून, आणि उरलेले तिच्या स्वतःच्या हाडांतून! कवचासाठी म्हणूनच तिच्या हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा एक साठा असतो. रात्री खर्च झालेला हा साठा दिवसाच्या चाऱ्यातून भरून निघावा लागतो. तो भरला नाही, तरी कोंबडी काही दिवस अंडी देतच राहते. पण ते देणे ती आपली हाडे झिजवून देत असते. पुढे कवच पातळ होते, पाय लटपटतात आणि अंडी बंद होतात. आडात नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

अंडी देणाऱ्या मोठ्या कोंबडीस दररोज सुमारे 100 ते 120 ग्रॅम खाद्य लागते. त्यात शेकडा 16 ते 18 भाग प्रथिने असावीत. 100 किलो मिश्रणात साधारणतः निम्मा भाग भरडलेला मका, ज्वारी किंवा बाजरी, पाव भाग सोयाबीनची अथवा भुईमुगाची पेंड, काही भाग तांदळाचा कोंडा, 8 ते 10 किलो शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडी आणि थोडे मीठ, क्षार व जीवनसत्त्वे असावीत. मात्र अंडी देऊ न लागलेल्या तलंगांना इतका चुना देऊ नये; त्याने त्यांच्या मूत्रपिंडांना अपाय होतो.

पोट भरणे निराळे आणि पोषण होणे निराळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमान या डच वैद्यांच्या कोंबड्या एकाएकी पायांनी लुळ्या पडू लागल्या. त्यांना रुग्णालयातील पांढराशुभ्र, सडलेला तांदूळ पोटभर मिळत होता. पुढे त्यांना कोंड्यासह तांदूळ मिळू लागला आणि त्या बऱ्या झाल्या! कोंड्यातील जीवनसत्त्वाचा शोध या कोंबड्यांपासून सुरू झाला आणि आइकमान यांना 1929 साली नोबेल पारितोषिक मिळाले. खाद्य भरपूर असले, तरी ते बुरसलेले नसावे. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. भुईमुगाच्या पेंडीतील बुरशीचे विष हे त्याचे कारण निघाले. म्हणून पेंड नेहमी कोरड्या जागी साठवावी.

अंड्यातील मोठा भाग पाण्याचा असतो. कोंबडी खाद्याच्या सुमारे दुप्पट पाणी पिते. उन्हाळ्यात त्याहूनही अधिक. तिला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणे हाच तिचा अंग थंड करण्याचा मुख्य उपाय. पण धापांबरोबर शरीरातील कार्बन डायऑक्साइड वायू प्रमाणाबाहेर निघून जातो आणि कवच पातळ होते. म्हणून वैशाखात खुराड्यावर सावली करावी, वाऱ्याच्या बाजूस ओली तरटे बांधावी, मातीच्या भांड्यांत गार पाणी ठेवावे आणि खाद्य सकाळी व सायंकाळी द्यावे.

अन्नपाण्याइतकाच उजेडही आवश्यक आहे. ‘कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटावयाचे राहत नाही,’ हे खरे. पण कोंबडीला पुरेसा उजेड मिळाला नाही, तर तिचे अंडे मात्र राहून जाते! अंडी चांगली मिळण्यासाठी तिला दिवसाकाठी 14 ते 16 तास उजेड हवा. हिवाळ्यात आपल्याकडे दिवस 11 तासांच्या आसपासच असतो. तेव्हा उरलेले तास दिव्याने भरून काढावेत आणि दिव्याची वेळ रोज एकच ठेवावी.

जमिनीवर भाताच्या तुसाची गादी पसरावी, ती वरचेवर खालीवर करावी आणि कोरडी ठेवावी. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा रोग एकदा शिरला की सारे खुराडे ओस पाडतो. त्यावर औषध नाही. प्रतिबंधक लस मात्र आहे. पशुवैद्यांच्या सल्ल्याने ती वेळेवर टोचून घ्यावी. बाजारातून आणलेली कोंबडी काही दिवस निराळी ठेवूनच इतरांत सोडावी.

वर्षातून एकदा कोंबडीची पिसे गळतात व अंडी थांबतात. घाईचा मालक अशा वेळी तिला निकामी ठरवून विकून टाकतो. वास्तविक ती विसावा घेत असते. नवी पिसे आली की ती पुन्हा अंडी देऊ लागते.

बाजारात अंड्याची किंमत पैशांत मोजतात. त्याचे खरे मोल कोंबडी रोज रात्री आपल्या अंगातून चुकते करीत असते. तिचा तो खर्च दिवसा भरून देणे, यालाच कुक्कुटपालन म्हणतात.

स्वाध्याय
1. कवचासाठी लागणारे कॅल्शियम कोंबडी रात्री कोठून मिळवते?
2. ‘पोट भरणे निराळे आणि पोषण होणे निराळे.’ पाठातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.
3. उन्हाळ्यात कवच पातळ का होते? त्यावर कोणते उपाय करावेत?
4. ‘आडात नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?’ या म्हणीचा तुमच्या शब्दांत अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.